पहिला घोट

थोरलीचं लग्न ठरल्याच्या आनंदात दोन्ही घरची माणसं हॉटेलात जेवायला जमली होती. बाबांचं पिणं सुटून बरीच वर्षं झाली होती, आणि तिने सासरी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

होणाऱ्या सासऱ्यांनी वाईन मागवली. वेटरने बूच काढलं आणि सगळ्यांत वडीलधारे म्हणून बाबांच्याच ग्लासात घोटभर ओतून तो अदबीने थांबला.

"चाखा, व्याहीबुवा! तुम्ही मान डोलावल्याशिवाय आम्हाला काही मिळायची नाही," सासरे हसले.

बाबांनी ग्लास उचलला. थोरलीने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"बाबा! पुन्हा गटारात लोळायचंय का तुम्हाला?"

वाईन पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. कोणी कोणाकडे बघेना.

बाबांनी रिकामा ग्लास हळूच खाली ठेवला. लेकीलाच ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात म्हणाले,



"व्याह्यांकडेच देत होतो गं. 'मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच चाखा,' असं म्हणायचं... घरून पाठ करून आलो होतो."