तहानंतरचे घोडेस्वार

आई अमेरिकेच्या पूर्वेला कॅरीत, बाबा पार पश्चिमेला सनीव्हेलला. बारा वर्षं दोघांचा एकमेकांशी अबोला होता, आणि फोन मात्र रोज मला. "ऋता, तुझ्या बाबांना म्हणावं, बीपीची गोळी चुकवू नका." "आईला विचार गं, मेतकुटात हिंग किती घालायचा?"

माझी पीएचडी जर्मनीतल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धावर. परवा सेमिनारमध्ये मी सांगत होते, "पंचवीस वर्षं लढून दमले, तरी तहासाठी एका छताखाली बसेनात. कॅथलिक एका शहरात, प्रोटेस्टंट दुसऱ्या. मधे घोडेस्वार चिठ्ठ्या पोचवत राहिले, तेव्हा कुठे चार-पाच वर्षांनी तह झाला."

मागून कुणीतरी विचारलं, "मग त्या घोडेस्वारांचं काय झालं?"

"त्यांच्याबद्दल पुढे कुणी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

त्याआधी दिवाळीतच बाबा कॅरीला आईकडे परत राहायला गेले होते. तेव्हापासून दोघांपैकी कुणाचाच फोन नव्हता. परवा सेमिनार संपल्यावर मीच लावला.

"अगं, आम्ही जेवायला बसतोय," आई म्हणाली. मागे बाबा कशावर तरी मोठ्याने हसत होते. "तुझं काही काम होतं का?"