पोस्टमनची पावलं

"एकवीस हजार चारशे." पोस्टमनने आकडा फळ्यावर लिहिला आणि हातावरचा खडू झटकला. टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनीही दोन वाजवल्या, कारण बायको शेजारीच बसली होती.

दोघांनाही निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण वसाहतीत हुद्दा काही सुटत नाही. आरोग्य मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या म्हाताऱ्यांच्या मनगटाला पावलं मोजणारे पट्टे बांधले होते. आठवड्यातला आपला एका दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा प्रत्येकाने रविवारी फळ्यावर लिहायचा, महिनाअखेर पहिल्याला चषक. लागोपाठ तीन महिने जिंकला तर चषक कायमचा त्याच्या घरी. पोस्टमनचा हा तिसरा महिना होता आणि एकच रविवार उरला होता.

हेडमास्तर दुसरे होते. नऊ हजार. तेवढ्यासाठी गुडघ्यांना दोन वेळा मलम चोळावं लागत होतं. जन्मभर दुसऱ्यांना नंबर वाटलेल्या माणसाला स्वतःचा दुसरा नंबर काही पचेना. त्यातून पोस्टमनचं ते मोत्यासारखं अक्षर! फळ्यावर, म्हणजे हेडमास्तरांच्या घरच्या मैदानावर.

"यांच्याकडून शिका जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, यातलं गुपित काय ते सांगा तरी."

पोस्टमन लाजल्यासारखा हसला. "गुपित कसलं, बाई? पत्ता सापडेपर्यंत थांबायचं नाही. नोकरीत तेवढंच शिकलो."

पुन्हा टाळ्या. निघताना त्याने हेडमास्तरांचा हात हातात घेतला आणि अदबीने विचारलं, "आपण नवीन राहायला आलात वाटतं इथे?"

सगळं मंडळ पोट धरून हसलं. तीस वर्षांचा शेजार, आणि म्हणे नवीन! हेडमास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकतोस ते जिंक, वर जखमेवर मीठ कशाला चोळतोस?

घरी जाताना पोस्टमनची सून भेटली. "बाबांना चालायचं वेडच लागलंय हो," ती कौतुकाने म्हणाली. "जेवणाचीही शुद्ध नसते. मी फाटकात उभी राहून हाक मारते, तेव्हा कुठे घरात येतात."

"नाहीतर आमच्याकडे!" हेडमास्तरांची बायको म्हणाली. "कोपऱ्यावरून दूध आणायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या."

"मग त्याच्याशीच करायचं होतंस लग्न," हेडमास्तर म्हणाले.

"तेव्हा कुठे पावलं मोजत होते?" बायको म्हणाली आणि दोघी हसल्या. हेडमास्तरांना मुळीच हसू आलं नाही. हेवा वाटत होता, आणि तो वाटतो याचीही लाज वाटत होती.

पंच्याहत्तरीचा माणूस एकवीस हजार पावलं चालतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. शिवाय मागच्या दोन बैठकांत त्यांनी पाहिलं होतं, पोस्टमन सदऱ्याच्या खिशातून हळूच एक टपालाचं पाकीट काढायचा, त्यावर नजर टाकायचा आणि घाईने परत ठेवायचा. कॉपी करणारा मुलगा त्यांना पाठमोरा ओळखता यायचा. हा तर समोर होता.

सोमवारी सकाळी ते त्याच्या मागावर निघाले.

पोस्टमन झपझप चालत होता. प्रत्येक फाटकापाशी थांबे, नंबराची पाटी वाचे, खिशातलं पाकीट पाही आणि पुढे सरके. एक गल्ली, दुसरी गल्ली, मग पुन्हा पहिली. आता हेडमास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. लबाडाने कोणत्या गल्लीत किती पावलं पडतात याचा तक्ताच पाकिटावर लिहून ठेवला होता! पट्टा खरा, पावलं खरी, पण अभ्यास चोरून केलेला. तो तक्ता रविवारी सगळ्यांसमोर धरायचा, या विचाराने त्यांना गुडघ्यांचाही विसर पडला.

पण गुडघे त्यांना विसरले नव्हते. दहा वाजता ते पोस्टमनच्याच घरासमोरच्या बाकावर मटकन बसले. सून कामावर गेलेली, फाटक बंद. तीन महिन्यांपूर्वी त्याला हिरवा रंग देताना काढलेली नंबराची पाटी अजून लावलेली नव्हती. चषक मिरवायला वेळ आहे, दोन खिळे ठोकायला नाही, हेडमास्तर मनात म्हणाले.

पोस्टमन त्या फाटकासमोरून गेला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. ऊन चढलं होतं, सदरा पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते. तिसऱ्यांदाही तो तसाच पुढे गेला. घोटभर पाण्यालाही आत वळला नाही. एका चषकासाठी केवढी ही हाव!

मग तो वळला आणि सरळ बाकाकडे आला.

"नमस्कार साहेब. आपण इथलेच का?"

"पुरे झालं नाटक," हेडमास्तर कडाडले. "ते पाकीट दाखवा आधी."

पोस्टमनने ते लगेच काढून दिलं. लपवाछपवी नाही, उलट सुटल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"बघा ना जरा. सगळी गल्ली पालथी घातली, बारा सापडतो, चौदा सापडतो, तेरा नंबर काही मिळत नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "कोणाला बोलू नका हं. इतक्या वर्षांत माझं एक टपाल परत गेलेलं नाही. पण हल्ली रोज हे एकच राहतं. आणि घरचे वाट बघत असतील हो."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. पाकीट घामाने मऊ पडलं होतं, आत काहीच नव्हतं, आणि वर मोत्यासारख्या अक्षरात तेरा नंबरचा पत्ता आणि पोस्टमनचं स्वतःचंच नाव होतं.