उन्हात घातलेला कंपायलर

मच्छिंद्रने पत्र्याच्या पेटीतला वरचा गठ्ठा उचलून कडेने पाहिला. त्याच्या तोंडाला कोरड पडली. दुष्काळाचं वर्ष होतं, कोल्हारात तेव्हा सगळ्यांच्याच तोंडाला कोरड होती. रोझीबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही.

"बघून घ्या नीट," त्या म्हणाल्या. "एकबी कमी भरायचं न्हाई."

पेटी त्यांच्या मुलाची, दानीएलची. पुण्याच्या एका संस्थेत तो कॉम्प्युटरवर होता. माणसाने लिहिलेली सूत्रं यंत्राला कळतील अशा आकड्यांत उतरवून देणारा कंपायलर त्याने एकट्याने रचला होता, भोकं पाडलेल्या हजारएक कार्डांवर. दोन वर्षांपूर्वी तो काविळीने गेला. संस्थेने शोकसभा घेतली आणि त्याचे कपडे, चपला व कंपायलर एकाच पेटीत भरून घरी पोचते केले. पुढे जुनी गणितं पुन्हा चालवायची वेळ आली, तेव्हा कंपायलर नाही हे लक्षात आलं. दुसरी प्रत नव्हती. मग साहेबांनी तो हरवला असं न म्हणता, तो कधी चाललाच नव्हता असं म्हणायला सुरुवात केली. ते सोयीचं होतं. दानीएलच्या शेजारी बसणारा मच्छिंद्र तेवढा ऐकेना. रजा टाकून तो एसटीने कोल्हारला आला.

"वाळवी कशी लागली नाही?" त्याने कसंबसं विचारलं.

"लागंल कशी? दर रविवारी चर्चहून आले की अंगणात चादर टाकते अन् एकेक पान सुटं करून उन्हात घालते. पापडावानी. वाऱ्यानं उडालं तर गल्लीभर हिंडून वेचते. अन् पाऊस हाय कुठं? एक रविवार चुकला न्हाई."

कार्डांचा क्रम म्हणजेच कंपायलर; तो मोडला की यंत्राला काही कळत नाही. कार्डांवर अनुक्रमांक घालायचा दानीएलला कंटाळा. गठ्ठा सांडलाच तर परत लावता यावा म्हणून तो कडेवर निळ्या शाईची एक तिरकी रेघ ओढायचा. ती रेघ दोन उन्हाळ्यांनी पुसून नेली होती. एकही कार्ड हरवलं नव्हतं. बाकी काही उरलं नव्हतं.

"आमच्या चर्चचे पाळकसाहेब पुन्याहून ऐकून आले," रोझीबाई हळूच म्हणाल्या. "तुमचे साहेब म्हनत्यात म्हनं, दानूचं काम कधी चाललंच न्हाई. खरं सांगा दादा. चालंल ना हे?"

मच्छिंद्रने पेटीचं झाकण लावलं.

"चालेल, मावशी. न चालायला काय झालं?"

एवढं बोललं की सुटलो, असा त्याचा अंदाज होता. एसटीची वेळ झालीच होती.

रोझीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या ठेवणीतलं पातळ नेसून, एका हातात भाकरीचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात कुलूप घेऊन.

"चला," त्या म्हणाल्या. "मशिनीत घालताना मला फकस्त लांबून बघू द्या."