पोकळ पाव

ईस्टरच्या आदल्या दिवशी घणसोलीतल्या सुवार्ता साळवेने आपल्या दोन मुलांसोबत शेजारच्या भाविकालाही पाव करायला बोलावलं. भाविकाची आई मागच्याच महिन्यात काविळीने गेली होती. तेवढाच पोरीचा जीव रमेल, असं सुवार्ताला वाटलं.

तिने मुलांच्या हातात एकेक पांढरा मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ गोळी, ठेवला.

"हा आपला येशू. याला मैद्याच्या गोळ्यात ठेवून नीट बंद करा. ही झाली त्याची कबर."

ओव्हनमधून काढलेले पाव मुलांनी फोडले. मार्शमेलो पार विरघळला होता. आत नुसती पोकळी.

"काकू, येशू कुठं गेला?" भाविकाने घाबरून विचारलं.

"अगं, तो मेला होता, त्याला पुरलं होतं. पण तिसऱ्या दिवशी तो जिवंत झाला आणि आपल्या माणसांना भेटायला परत आला."

भाविकाने पावातल्या पोकळीत बोट घालून बघितलं. तेवढ्यात तिचे वडील, हितेश, तिला न्यायला दारात आले. सुवार्ताने हसून त्यांच्यापुढे पावांचं ताट धरलं.

भाविका वडिलांकडे बघत म्हणाली,

 

"पप्पा, तू आईला जाळलंस कशाला? पुरलं असतंस तर ती पन परत आली असती ना!"