शून्य माणसं

वळ गावातल्या गोदामाचं मॉडेल ऊर्जा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. बारा भिंती, चार शटर, एक पत्र्याचं छप्पर. प्रकार 'गोदाम', म्हणून माणसांपुढे आपोआप शून्य पडलं होतं. मी ते खोडून चाळीस केलं.

"पोरी, शून्यच राहू दे," मालक केसरीनाथशेठ म्हणाले. "माणसं दाखवलीस तर छपराला पंखे बसवावे लागतील. गोदामात माल राहतो."

"माळ्यावर पॅकिंगला चाळीस बायका असतात, शेठ."

"त्या कॉम्प्युटरला कुठं दिसतात?"

"मला दिसतात. त्यातली मैना माझी आई हाय."

मी शेठसमोरच रिपोर्ट मंजुरीसाठी पाठवला.



माणसं: चाळीस. माळ्यावरचं दुपारी तीनचं तापमान: त्रेचाळीस अंश.