घाटावरचा आवाज

“एवढी एक सही झाली की संपलं,” हर्षाली म्हणाली आणि तिनं कागद ज्योतीरामअण्णांच्या पुढ्यात सरकवला. सार्थकनं मात्र पेन अजून खिशातच ठेवलं होतं.

निघोजे गावातल्या अण्णांच्या घराच्या पडवीत चौघंच होती. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, गाडे पळतात त्या चढावर, अण्णांनी उभा जन्म माईक धरला होता. शर्यतींवरच्या बंदीची वर्षं सोडली, तर आसपासच्या एकाही घाटावर त्यांच्या ‘भिर्रर्र’शिवाय गाडा सुटला नाही. सार्थक आणि हर्षालीनं काळेवाडीच्या दोन खोल्यांत मोबाइलवरचा बैलगाड्याचा गेम केला, तेव्हा भिंतींना गोधड्या टांगून तीन दिवस अण्णांचा आवाज भरून घेतला होता. पुढच्याच वर्षी घशाच्या कॅन्सरनं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत आणि बोलायचं ते पाटीवर लिहीत. आवाज उरला तो गेममध्ये. कारखान्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत तो अजून ऐकत.

तो गेम एक बडी परदेशी कंपनी विकत घ्यायला निघाली होती. अण्णांच्या सहीवाचून आवाज देता येत नव्हता, आणि आवाजावाचून सौदा होत नव्हता.

“म्हंजी आता तिकडं परदेशात बी यांना ऐकतील?” अण्णांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा खुलला होता.

हर्षालीनं सार्थककडे पाहिलं. येताना गाडीत दोघांचं ठरलं होतं, विचारलं तरच सांगायचं. विचारलं तर होतं.

“नाही काकू,” सार्थक म्हणाला. “ते गेम बंद करणार आहेत. आपले बैल पळतात ती पद्धत तेवढी त्यांना हवीय, त्यांच्या दुसऱ्या गेमसाठी. बाकीचं सगळं कुलपात.”

“आन् आवाज?”

“तोही. आपल्याकडं एकसुद्धा कॉपी ठेवायची नाही, असं लिहून द्यायचंय. मी दोनदा विनवून पाहिलं. नाही म्हणाले.”

“मंग इकताय कशापायी?”

“नाही विकला तर ते स्वतःचा काढतील, तोही फुकट. त्यांच्यापुढं आम्ही वर्षभरसुद्धा टिकणार नाही. मग ना गेम, ना आमच्याकडं काम करणाऱ्या पोरांच्या नोकऱ्या. विकला तर पोरांना तरी ते कामावर घेणार आहेत.”

अण्णांनी पाटी ओढली. लिहिलं, ‘पोरं किती?’

“आम्ही धरून सहा.”

अण्णांनी पेनासाठी हात पुढे केला. सार्थकला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. त्यानं पेन काढून दिलं, पण ते मधल्यामध्ये यशोदाबाईंनीच घेतलं.

“मला कुनी इचारनार हाय का न्हाई?” त्यांचा आवाज चढला. “सांजच्याला भाकरी थापताना त्यो मोबाइल गॅसपाशी लावून ठेवती मी. खेळाबिळातलं मला काय कळत न्हाई. नुसता लावती. घरात मानूस बोलतंय आसं वाटतं. त्येबी घिऊन जा आता!”

अण्णा पाटीकडे बघत राहिले.

हर्षालीनं लॅपटॉप उघडला. “काकू, सही होईपर्यंत आवाज आपलाच आहे. मशीनला त्यांचा आवाज शिकवलाय आम्ही. तुम्ही सांगाल ते त्यांच्या आवाजात म्हणवता येईल, अगदी आत्ता. काय ऐकायचंय तुम्हाला?” तिनं विचारलं ते चांगल्या मनानंच.

यशोदाबाई लॅपटॉपकडे वळल्या.

“माझं नाव.”

मग न थांबता म्हणाल्या, “घाटावर हजारोंची नावं घेतली यांनी. मालकाची, मालकाच्या बापाची. बैलांची सुदीक! माझं येकदा बी न्हाई. चाळीस वर्सं झाली लगनाला, ‘अगं’वरच भागवलं.”

जुन्या घरांतली रीतच ती. नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत तर नाहीच. गावोगावची नावं पुकारत फिरणाऱ्या अण्णांनीही ती कधी मोडली नव्हती.

हर्षालीनं नाव टाइप केलं. बोट बटणावर गेलं, तोच अण्णांनी हात लांबवून लॅपटॉप मिटला.

ते बायकोकडे वळले. घाटावर गाड्याची बारी पुकारायला उभे राहत, तसे ताठ झाले. त्यांचे ओठ हलू लागले, एकेक अक्षर सुटं, सावकाश. गळ्यावरचं पांढरं फडकं तेवढं थरथरलं. आवाज काही आला नाही. सार्थकला ते बघवेना.

अण्णांनी ते नाव पुन्हा एकदा घेतलं.

“ओ,” यशोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन अण्णांच्या हातात दिलं.