जावईबापूंचा व्हिडिओ गेम

"करडा घ्या, शेठ," सत्तार म्हणाला. "चार सेल घातले की आठवडाभर बघायला नको. काळा रंगीत चित्र दाखवतो, पण सहा सेल खातो अन् दुपारपर्यंत पुन्हा भुकेला."

गुंडप्पांनी काउंटरवरच्या दोन्ही यंत्रांकडे पाहिलं. गेवराईत कापड विकण्यात त्यांची हयात गेली होती. डोळे मिटून ते सुताचा पोत सांगत. सवयीनं त्यांनी करड्या यंत्राची कड चिमटीत धरून चोळली. काही कळलं नाही.

"दोन्ही जपानचेच ना बे?"

"दोन्ही. पण कंपन्या एकमेकीचं तोंड बघत न्हाईत. भाऊबंदकी समजा."

अधिक महिना लागला होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. गुरुवारी जावई जेवायला येणार म्हणून वाण द्यायला चांदीचं ताटही आणून ठेवलेलं. तेवढ्यात लेक रुद्राणी पुढं माहेरी आली आणि तिनं आईच्या, गंगासागरबाईंच्या, कानात सांगितलं: त्यांना चांदी नको, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम पाहिजे. मिळणार नसेल तर ते येत नाहीत.

गंगासागरबाईंनी डोळ्याला पदर लावला. धोंड्याला जावई आला नाही, की गल्लीत काय बोलतील ते बोलोत. पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार.

पूर्वीचे जावई घड्याळावर भागत. मग रेडिओ आला, मग मोटारसायकल. आता दिल्लीनं बाजार खुला केला होता, तर जावईही खुलले होते. तरी गुंडप्पांना नवल वाटत होतं. मृत्युंजयराव युसूफ वडगावला गणिताचे मास्तर. जाड भिंगांचा चष्मा, अर्धा कप चहा, बोलणं त्याहून कमी. लग्नात रुसायची वेळ आली तेव्हा त्यांना रुसण्याची आठवण करून द्यावी लागली होती.

करडा की काळा, हे त्यांनाच विचारावं तर तशी सोय नव्हती. जावयाची मागणी मुलीच्या तोंडून येते आणि सासऱ्याचं उत्तर ताटातून जातं. मध्ये सासऱ्यानं प्रश्न विचारला, की तो अपमान होतो. म्हणून त्यांनी रुद्राणीलाच दुकानात आणलं होतं.

"अंधारात कोणता दिसतो, चाचा?" तिनं विचारलं.

"काळा. त्याला आतून दिवा हाय. करड्याला वरून उजेड लागतो."

"वडगावला दिवेलागणीलाच लाईट जाते, अप्पा."

"मास्तर अंधारात कावून खेळतेत?"

"सासूबाई त्या वक्ताला भजनाला जातेत. मोठ्या माणसांपुढं बरं दिसत न्हाई." ती सत्तारकडे वळली. "आवाज?"

"हे कानात घालायचं. शेजारच्याला बी पत्ता न्हाई."

रुद्राणीनं खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला आणि दोन्ही यंत्रं तपासायला घेतली. करड्यात वरून विटा पडत होत्या. त्या तिनं अशा रचल्या की गवंड्यानं बघावं. काळ्यात एक गडी पळत होता, त्याला तिनं दरीत पडू दिलं नाही. सत्तारनं मागवलेला तिचा चहा गार झाला.

"जमतंय की तुला," गुंडप्पा म्हणाले.

"त्यांना दाखवावं लागंल ना."

"मग करडाच घेऊ. सेलला बरा."

रुद्राणीनं मान खाली घातली. "काळाच म्हणले ते."

"अन् सेल रोज कुणी आणायचे?"

"ते बी माहेरूनच, म्हणले."

गुंडप्पांनी खिशातल्या नोटा मोजल्या. मुलगी एकदाच द्यायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. सेलचं असं नव्हतं. शेवटी त्यांनी काळ्याकडे बोट केलं आणि सत्तारला सेलचं खोकंही बांधायला सांगितलं.

गुरुवारी मृत्युंजयराव आले. पाय धुतले, औक्षण झालं, पुरणाचे धोंडे त्यांनी तुपाबरोबर मुकाट्यानं खाल्ले. मग गुंडप्पांनी ताट पुढं केलं. ताटात अनारसे, अनारशांच्या मधोमध काळं यंत्र, बाजूला सेल.

"गोड मानून घ्या, बापू. तुमच्या मनासारखंच आणलंय. सेलची बी काळजी करू नका, ते आमच्याकडं लागलं."

मृत्युंजयरावांनी यंत्र उचललं. उलटंपालटं केलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. गंगासागरबाईंचा जीव टांगणीला लागला. करडाच घ्यायला पाहिजे होता की काय, असं गुंडप्पांच्या मनात येऊन गेलं.

"मामा," जावईबापू अदबीनं म्हणाले, "ब्लडप्रेशर बघायचं मशीन का हे?"

कुणी काही बोलायच्या आत रुद्राणीनं ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि, आईशी गुळाच्या भावाबद्दल बोलत बोलत, खाली न बघता, सहाच्या सहा सेल बसवले.